बेरजेला क्रम नसतो

"सर, आधी माझ्या शाळेत चला. आत्ताच. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पोरं बसलीत."

इंदू सोनटक्के जीपच्या पुढ्यात उभी होती. सकाळचे सव्वाआठ झाले होते आणि पिंपळझऱ्याच्या फाट्यावर आमच्याशिवाय फक्त एक म्हैस होती. तिथून डावीकडे डांबरी रस्ता आबासाहेब घुमऱ्यांच्या खासगी शाळेकडे जायचा आणि उजवीकडची कच्ची वाट ओढ्यातून गावठाणातल्या सरकारी शाळेकडे. त्या शाळेची इंदू ही एकुलती एक बाई. ओढ्यातून धावत आल्यामुळे तिच्या साडीचा काठ ओला झाला होता, आणि तशा ओल्या काठाने साहेबांसमोर येऊन उभं राहणं मला अगदी गावंढळ वाटलं.

त्या काळी मी बहुतेक माणसांना तुच्छ समजत असे, हे आधीच सांगून टाकतो. आजही समजतो, फक्त यादीत एका नावाची भर पडली आहे. तालुक्याच्या हायस्कुलात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं आणि एवढ्या काळात ज्यांना खरोखर गणित कळतं अशी मला चार मुलं भेटली. इंदू त्या चारांत नव्हती. दहावीला तिला गणितात छत्तीस मार्क होते. अशी मुलं पुढे शिक्षक होतात आणि मग आपण देशाच्या नावाने बोटं मोडतो.

त्या वर्षी वरच्या लोकांना अचानक शंका आली होती, की शाळांच्या पटावर जेवढी मुलं आहेत तेवढी गावांत नाहीत. म्हणून पटपडताळणी निघाली. पथकाने शाळेत जायचं, मुलं मोजायची आणि मोजलेल्या मुलाच्या डाव्या तर्जनीला मतदानाची असते तशी शाई लावायची, म्हणजे तेच मूल दुसऱ्या शाळेत मोजलं जाणार नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला कार्यालयात हुशार म्हणत असावेत. आमच्या पथकात दोघंच. शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी खैरनारसाहेब, आणि आकड्यांसाठी मी.

"बाई, बाजूला व्हा," खैरनार म्हणाले. "आबासाहेबांकडे नाश्ता सांगितलाय. थंड होईल."

"साहेब, नऊ वाजता त्यांची जीप माझ्या शाळेवर येणारे," इंदू म्हणाली. बोलत होती साहेबांशी, पण बघत होती माझ्याकडे. "पोरांना नवे कपडे देणार, बुंदीचा लाडू देणार आणि नेऊन तिकडं बसवणार. काल भट्टीवर सगळ्यांना निरोप गेलाय. पोरांचे आईबाप त्यांच्याच वीटभट्टीवर कामाला. मी अडवू शकत नाही. पण आत्ता पोरं माझ्याकडं आहेत. आत्ता मोजा."

"पडताळणीची तारीख गुप्त होती," मी म्हणालो.

"गुप्तच होती सर. मला काल संध्याकाळी कळली. त्यांना पंधरा दिवस आधी."

खैरनार खिडकीबाहेर म्हशीकडे बघायला लागले. ताकास तूर लागू न देण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. मग ते उदार आवाजात म्हणाले, "सर, आकड्यांचं खातं तुमच्याकडे. आधी कुठं जायचं ते तुम्हीच ठरवा."

म्हणजे ठरवलं मी. हे नीट लक्षात ठेवा.

आदल्या दिवशी मी अंगणवाडीतून घरोघरच्या पाहणीची वही मागवून घेतली होती. त्यात वाड्यावस्त्यांसकट पिंपळझऱ्यातलं प्रत्येक मूल वयासह लिहिलेलं होतं. वर्गात फळ्यासमोर उभं करावं तसं मी इंदूला विचारलं, "घुमऱ्यांच्या पटावर अठ्ठावन्न मुलं. तुझ्या पटावर एक्केचाळीस. बेरीज?"

"नव्व्याण्णव. सर, वेळ जातोय."

"गावात त्या वयाची मुलं आहेत एकूण चौसष्ट. आता सगळ्यांत वाईट शक्यता धर. वाईट म्हणजे आपल्याला वाईट, चोराला सोयीची. गावातलं एकही मूल घरी बसलेलं नाही, एकूण एक शाळेत जातंय. तरीसुद्धा किती नावं दोनदा लिहिलेली आहेत?"

तिने ओठ हलवले. तिला बोटांवर मोजायचा मोह झाला असणार याची मला खात्री होती.

"पस्तीस," ती म्हणाली.

"कमीत कमी पस्तीस. दहा कबुतरं आणि नऊ खुराडी असली, की एका खुराड्यात दोन असणारच. दार उघडून बघायची गरज नाही. तुम्हांला नववीत सांगितलं होतं मी. मग आधी इकडून मोजलं काय आणि तिकडून मोजलं काय, पस्तीसच निघणार. बेरजेला क्रम नसतो, इंदू. पहिलीच्या पोरांना शिकवतेस ना हे?"

ड्रायव्हर फिसकन हसला.

"बेरजेला नसतो, सर," ती म्हणाली. "पण शाईला असतो. ती जिकडं आधी लागंल, पोरगं तिकडचं. दहाच्या खाली पट गेला की शाळा बंद करायचा आदेश आहे. माझी शाळा जाईल, सर."

छत्तीस मार्कांच्या मुलीने मला असं सुनावावं, तेही ड्रायव्हरसमोर, हे मला झोंबलं. मी तिच्याकडे न बघता ड्रायव्हरला म्हणालो, "डावीकडे घे."

जीप वळली. मागे बघितलं नाही, पण ओढ्याच्या बाजूने चपलांचा धावता आवाज आला. ती पोरांना धरून ठेवायला परत निघाली होती.

वाटेत मला खैरनारांना शहाणं करायची हुक्की आली. त्यांना मी नेहमीचं सोपं उदाहरण घातलं. "साहेब, कपाटात अंधार आहे. आत लाल, पिवळे, हिरवे मोजे सुटे पडलेत. न बघता किती मोजे काढले, की एका रंगाची जोडी नक्की मिळेल?"

खैरनारांनी विचार केल्यासारखं केलं. "दिवा लावायचा," ते म्हणाले.

"दिवा नाहीये."

"मग सगळे बाहेर आणायचे आणि उजेडात बघायचे. जोडीच पाहिजे ना?"

"चार, साहेब! फक्त चार. नशिबाने दगा दिला तर पहिले तीन तीन रंगांचे निघतील. चौथा कोणत्या तरी एकाशी जुळणारच."

"कोणत्या रंगाशी?"

"ते सांगता येत नाही. सांगायची गरजही नसते. आज तसंच आहे. पस्तीस नावं खोटी आहेत हे मी इथे बसल्याबसल्या सिद्ध केलंय. कोणती पस्तीस, ते गणित सांगत नाही."

"वा," खैरनार म्हणाले आणि डुलकी घेतली. गाढवापुढे वाचली गीता, असं म्हणून मीही गप्प बसलो. माझा बेत पक्का होता. दोन्ही शाळांतली डोकी मोजायची, पस्तीस मुलं दोन्हीकडे सापडणार, आणि मग मी घुमऱ्यांच्या तोंडावर तो आकडा फेकणार. या बोगस शिक्षणमहर्षींचं तोंड त्या वेळी कसं होईल, याची मी आठवडाभर मनात तालीम केली होती.

घुमऱ्यांच्या शाळेच्या कमानीवर सरस्वतीपेक्षा घुमऱ्यांचा फोटो मोठा होता. ते स्वतः फाटकात उभे. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हाताच्या तीन बोटांत अंगठ्या. "या या या! साहेब, शिरा केलाय, पोहे केल्यात. पोरं जरा नऊ-सव्वानऊपर्यंत येत्यात, तवर दोन घास खाऊन घ्या."

खैरनारांनी दोन घास म्हणता म्हणता शिऱ्याच्या तीन वाट्या खाल्ल्या. मी खुर्चीवर बसलो नाही. घुमरे स्वतः कप घेऊन माझ्यापुढे आले, "सर, निदान चहा तरी."

"मी तपासणीच्या ठिकाणी काही घेत नाही."

"चहासुद्धा न्हाई?"

"पाणीसुद्धा नाही. डबा आणि बाटली घरून आणली आहे."

घुमऱ्यांनी माझ्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. माझ्या करारीपणाने ते दबले, असं मी समजलो. शेळ्यांच्या बाजारात आलेला माणूसही शेळीकडे तसंच बघतो, हे तेव्हा मला सुचलं नाही.

सव्वानऊला त्यांची जीप दोन खेपा करून गेली. अठ्ठावन्न मुलं चार रांगांत बसली. पुढच्या तेवीसांच्या पायांत बूट होते. मागच्या पस्तीसांच्या अंगावरच्या कोऱ्या गणवेशांना अजून घड्यांच्या रेघा होत्या आणि पाय अनवाणी, ओढ्याच्या चिखलाने भरलेले. एकाच्या तोंडाला बुंदी चिकटली होती. एवढी ढोबळ चोरी करतानाही ज्यांना पोरांचे पाय धुवायचं सुचत नाही, त्यांची मला कीव आली. मी मनातल्या मनात मागच्या रांगा मोजल्या. बरोबर पस्तीस. माझा आकडा माझ्यासमोर मांडी घालून बसला होता आणि मला विलक्षण आनंद झाला.

शाईची बाटली माझ्याकडे होती. मागच्या रांगेतल्या एका मुलीचं बोट धरून मी विचारलं, "नाव काय?"

"पायल."

"तुझ्या बाईंचं नाव काय, पायल?"

"सोनटक्के बाई."

सगळे शिक्षक एकदम खोकले. घुमरे मात्र खळखळून हसले. "गावात जुन्या बाई त्याच, सर. पोरं समद्यांनाच सोनटक्के बाई म्हणत्यात."

मी पण हसलो. ती कुठली आहे हे मला कळलं होतं, ते मला कळलंय हे घुमऱ्यांना कळलं होतं, आणि तरीही मी पायलच्या बोटावर शाई लावली. मला तिथे वाद घालायचा नव्हता. पुरावा दुपारी पूर्ण होणार होता आणि अर्धवट सिद्धता दाखवणं माझ्या स्वभावात नव्हतं. अठ्ठावन्न बोटं रंगवली. घुमऱ्यांच्या कागदावर लिहिलं, 'पटावर ५८, उपस्थित ५८.' खैरनारांनी त्यावर तुपकट बोटांनी सही केली.

इंदूच्या शाळेत आम्ही साडेबाराला पोचलो. एकच मोठी खोली, कुडाच्या आडोशाला खिचडीची चूल, आणि दाराशी नीट ओळीत लावलेल्या चपला. त्या मुलांच्याच होत्या. जीपमध्ये चढवताना चिखलाच्या चपला नकोत म्हणून इथेच काढायला लावल्या होत्या. घुमऱ्यांची जीप पोरांना परतही सोडून गेली होती. का सोडली, हे मला तेव्हा तरी कळायला हवं होतं. पोरांनी गणवेश परत केले होते आणि आपापल्या फाटक्या कपड्यांत, आपापल्या जागेवर बसली होती.

"हजेरी घ्या," खैरनार म्हणाले.

इंदू एकेक नाव घेत गेली. मूल उभं राहायचं, "हजर, बाई," म्हणायचं आणि सांगितल्याप्रमाणे डावा हात वर करायचं. शाई. शाई. शाई. पायल उभी राहिली तेव्हा तिला वाटलं मी तिला ओळखलं, म्हणून ती माझ्याकडे बघून हसली. एक्केचाळीसपैकी सहा बोटं कोरी निघाली. ती मुलं मुसळेवस्तीची होती, टेकडीमागची. त्यांचे बाप मेंढरं घेऊन फिरतात, भट्टीवर जात नाहीत. त्यांना निरोप गेला नव्हता आणि जीपमध्ये कुणी घेतलंही नव्हतं.

"पस्तीस!" मी खैरनारांना म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा. "बघा साहेब. बरोबर पस्तीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. आता लिहा, घुमऱ्यांच्या पटावर पस्तीस नावं बोगस."

खैरनारांनी चष्मा लावला. त्यांनी छापील तक्ता काढला आणि त्यातलं सातवं कलम बोट ठेवून वाचलं, "शाई लावलेले मूल पुन्हा मोजू नये. दुबार नोंद ज्या शाळेत आढळेल, त्या शाळेच्या पटातून ती वजा करावी."

"म्हणजे?"

"म्हणजे इथं आढळली. एक्केचाळीस वजा पस्तीस. सहा."

"साहेब, ही मुलं इथलीच आहेत! दिसतंय ना डोळ्यांना. चपला बघा. त्यांना विचारा."

"सर," खैरनार शांतपणे म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना सकाळी, कोणती पस्तीस ते गणित सांगत नाही? नाही ना सांगत? मग कागद सांगतो."

हा माणूस सकाळी डुलक्या घेत होता, अशी माझी समजूत होती. तो सगळं ऐकत होता. मी त्या माणसाला अक्कलशून्य समजत होतो आणि त्याने माझंच वाक्य घडी घालून खिशात ठेवलं होतं.

इंदू हजेरीपट छातीशी धरून उभी होती. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. रडणाऱ्या बायकांचं काय करायचं हे मला माहीत होतं, दुर्लक्ष. ती माझ्याजवळ आली आणि मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सर, एक उदाहरण विचारू?"

मी खैरनारांच्या हातातला तक्ता मागून घेतला.

"चौसष्ट पोरं, दोन शाळा, पस्तीस नावं दोनदा. त्यातली खोटी माझ्याकडची किती?"

"ते काढता येत नाही," मी म्हणालो. "तेवढ्या माहितीवर नाही काढता येत."

"मग सहा कुठनं आले?"

सत्तावीस वर्षांत मला कुणी इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. ती चार हुशार पोरंही विचारू शकली नव्हती. उत्तर मला येत होतं. सहा आले होते मी डावीकडे वळवलेल्या जीपमधून.

तक्त्यात शेवटी 'शेरा' म्हणून अडीच ओळींची मोकळी जागा होती. तिथे मी लिहू शकलो असतो, की मुलं सकाळी इथून नेली गेली, की बाईंनी आम्हांला आधीच सांगितलं होतं, की क्रम मी ठरवला आणि चुकीचा ठरवला. एवढं लिहिलं असतं तरी फेरतपासणी लागली असती. पेन हातात होतं. पण ते लिहिणं म्हणजे इंदू सोनटक्केला माझ्यापेक्षा जास्त कळलं असं सहीनिशी कबूल करणं होतं. मी लिहिलं, 'दुबार संख्या गणिती पद्धतीने आधीच काढलेल्या संख्येशी तंतोतंत जुळते.' आणि सही केली. माझी सही मोठी आणि वळणदार आहे. ती अडीच ओळींत मावली नाही, जरा खाली उतरली.

इंदूने ते वाचलं. "अक्षर तुमचं तेव्हापासून चांगलं आहे, सर," ती म्हणाली आणि खिचडी वाढायला गेली. त्या पस्तीसांनाही तिने वाढली.

जूनमध्ये शाळा बंद झाली. पस्तीस पोरं घुमऱ्यांच्या पटावर कायमची गेली, या वेळी खरीखुरी, आणि बूट मिळेपर्यंत अनवाणीच डांबरी रस्त्याने जात राहिली. इंदूची बदली तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. मुसळेवस्तीची सहा मुलं कुठेच गेली नाहीत. त्यांना अडीच मैलांवरच्या शाळेत घालण्याइतकी उठाठेव कोण करणार. ती बापामागे मेंढरांकडे गेली. नंतर एकदा मुद्दाम जाऊन मी चौकशी केली. सहांपैकी एकालाही सही येत नव्हती. या गोष्टीला आता अठरा वर्षं होतील.

पण मला अजून आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता. चारच्या सुमाराला आम्ही फाट्यावर आलो तर घुमऱ्यांची गाडी आडवी उभी. बोनेटवर थर्मास आणि कप. खैरनार न बोलावताच खाली उतरले. घुमरे मात्र सरळ माझ्या खिडकीशी आले.

"सर, खरं सांगू का?" ते म्हणाले. आवाजात चेष्टा नव्हती, मनापासून कौतुक होतं. "ह्या सायबाला शिरा लागतो. त्याच्या वरच्याला काय काय लागतं ते तुमच्यासारख्याला सांगण्यासारखं न्हाई. पण तुम्ही पाण्याचा थेंबसुद्धा न घेता काम केलं. तुमच्यासारख्या माणसाचा कागद कुणी उघडूनसुद्धा बघत न्हाई, डोळं झाकून मंजूर करत्यात. म्हणून तर पथकात तुमचंच नाव घाला म्हणून मी वर सांगितलं हुतं."

घरी आलेल्या मानाच्या पाहुण्याशी बोलावं तसे ते माझ्याशी बोलत होते.

"आता तपासणी संपली," घुमरे म्हणाले. "आता तरी घ्या."

त्यांनी कप पुढे केला. मी तो घेतला. दिवसभरात माझ्या बोटांनाही शाई लागली होती, आणि कपाचा कान मी त्याच बोटांनी धरला. चहा आलं घातलेला होता आणि गरम होता. मी तो सगळा प्यायलो.